डाव्या हाताचे वेढे

१

जुलैत, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, विल्मटनला सकाळी साडेसातपर्यंत उजाडत नाही, आणि उजाडल्यावरही फारसा फरक पडतो असं नाही. डोंगराच्या कुशीतलं हे गाव दीडशे वर्षांपूर्वी सोन्याच्या खाणींसाठी वसलं. सोनं संपलं, खाणवाले गेले, आणि मागे उरला एक सरळ रस्ता, दोन्ही अंगांना लाकडी दुमजली दुकानं. खोगीरवाला, लोहार, घड्याळजी यांची नावं भिंतींवर अजून पुसट दिसतात. आता तिथे एक कॅफे आहे, जुन्या कपड्यांचं दुकान आहे, कोपऱ्यावर एका पटेलांची डेअरी, म्हणजे इथलं किराणा दुकान आहे. आणि मधोमध, जुन्या औषधविक्याच्या दुकानात, मिरजेचे दीनानाथ शेटे एका चार महिन्यांच्या बाळाला खांद्यावर घेऊन येरझारा घालत असायचे.

दुकान म्हणजे आता घरच. जावई मकरंद इलेक्ट्रिशियन. हॅमिल्टनला भाड्याच्या घरात राहून कंटाळला, म्हणून त्याने ही पडीक इमारत घेतली आणि सुट्टीच्या दिवशी तिची डागडुजी काढली. खाली पुढे बंद दुकान, मागे स्वयंपाकघर, वर दोन खोल्या. मुलगी स्नेहल हॅमिल्टनच्या एका हॉस्पिटलात फार्मासिस्ट. बाळंतपणाची रजा संपवून ती आठवड्यातून तीन दिवस कामावर जायला लागली, आणि बाळाला सांभाळायला कोण, तर दीनानाथ. त्यांची बायको लीला असती तर प्रश्नच नव्हता, पण तिला जाऊन सहा वर्षं झाली होती. त्यामुळे दीनानाथांनी आयुष्यातली पहिली नॅपी बदलली ती सत्तराव्या वर्षी, इथे.

त्यांचं स्वतःचं दुकान काष्ठौषधींचं. चाळीस वर्षं त्यांनी मुळ्या, साली आणि शेंगा विकल्या. बाळगुटीचे डबे तर हजारांनी विकले. वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड, जायफळ, बाळहिरडा. एकेक काष्ठ सहाणेवर आईच्या दुधात उगाळायचं आणि बोटाने बाळाला चाटवायचं. बाळ जितक्या महिन्यांचं, तितके वेढे. पहिल्या महिन्यात एक, दुसऱ्यात दोन. दर महिन्याला एक वेढा वाढतो, कमी कधीच होत नाही. गिऱ्हाइकाला हे त्यांनी तोंडपाठ सांगितलं, पण स्वतः कधी एक वेढा उगाळला नाही. ते काम बायकांचं.

नातीसाठी म्हणून आणलेला डबा ऑकलंडच्या एअरपोर्टवर काढून घेतला गेला. तिथली मुलगी फार गोड बोलत होती. बी, मूळ, साल काही आत आणता येत नाही, असं तिने दोनदा समजावलं. लीलाची सहाण तेवढी तिने धुऊन परत दिली. ती सहाण स्नेहलने वरच्या खोलीत, भिंतीतल्या बंद पडलेल्या शेकोटीवरच्या फळीवर, आईच्या फोटोशेजारी ठेवून दिली होती.

बाळाचं नाव स्वरदा. नावाला जागून ती रोज दुपारी तीन तास रडायची.

२

खालच्या दुकानात दारं-खिडक्यांचं काम करायला वायरेमू नावाचा सुतार यायचा. साठीचा गडी, बोलायला मोकळा. दीनानाथांना तो दीना म्हणायचा आणि दीनानाथांना ते आवडायचं. दोघेही लाकूड वासावरून ओळखणारे, त्यामुळे इंग्रजी अडलं तरी गप्पा अडत नसत.

एका मंगळवारी वायरेमूने मागच्या भिंतीवरचा पत्रा उचकटला, तर आत आणखी एक भिंत निघाली, वरपासून खालपर्यंत खणांची. बोटभर धुळीखाली ओळीने छोटे छोटे ड्रॉवर, प्रत्येकावर पांढऱ्या चिनी मातीची पट्टी आणि काळी अक्षरं.

"किया ओरा, दीना, हे बघ," तो आपल्या बोलीतला रामराम घालत म्हणाला. "सगळं कौरीचं लाकूड. ज्याने हे केलं तोच गावातल्या शवपेट्या करायचा. तेव्हा सुतार एकच असायचा ना, सगळ्यांना पुरायचा."

दीनानाथांनी स्वरदाला एका हातावर घेऊन दुसऱ्या हाताने खण उघडायला सुरुवात केली. आपल्याच धंद्यातल्या माणसाचं दुकान, शंभर वर्षं उशिरा का होईना, बघायला मिळतंय याचं त्यांना अप्रूप वाटलं. बहुतेक खणांत भुकटी होती, एकात उंदराचं घरटं. खालच्या ओळीत शेवटच्या पट्टीवर त्यांनी 'कॅलमस' असं वाचलं. घाऊक व्यापारात वेखंडाला हेच नाव.

त्या खणात धूळ नव्हती. बोटभर लांबीची एकच मुळी होती. पांढरट, गुळगुळीत, म्हणजे बाळवेखंड. घोडवेखंड काळपट आणि केसाळ असतं, त्यात दीनानाथांची चूक होणं शक्य नव्हतं. त्यांनी ती नाकाशी नेली. जुनं काष्ठ वासाला मेलेलं असतं. हिला कालपरवा खणून काढल्यासारखा वास होता.

आणखी एक गोष्ट होती. मुळीचं एक टोक तिरकं झिजलेलं होतं. दगडावर उगाळून झिजतं तसं. त्या चकतीवरचे बारीक चरे त्यांनी चष्मा लावून पाहिले. ते उजवीकडून डावीकडे वळत गेले होते. उजव्या हाताने उगाळणारा माणूस असे चरे पाडत नाही.

"इथे कोणी उगाळायचं का औषध? दगडावर?" त्यांनी वायरेमूला विचारलं.

"इथे? खलबत्त्यात कुटायचे असतील," तो खांदे उडवत म्हणाला. "माझ्या आजीला विचारायला हवं होतं."

कोणी डावखुरा औषधविक्या असेल, असं दीनानाथांनी मनाशी ठरवलं. लीलाही डावखुरीच होती.

३

ऑकलंडमधल्या पापाटोएटोच्या भारतीय दुकानांत जायफळ मिळालं होतं, सुंठ, बदाम, खारीक मिळाली होती. वेखंड मिळालं नव्हतं, आणि पोटात धरणाऱ्या बाळाला वेखंडाशिवाय उतार नाही, ही दीनानाथांची चाळीस वर्षांची खात्री. त्यात स्वरदाचं रडणं बघवत नव्हतं. पाय पोटाशी घेऊन लाल होईपर्यंत रडायची. स्नेहलच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती.

स्नेहलने मात्र आल्या दिवशीच बजावलं होतं. "बाबा, सहा महिने फक्त दूध. गुटी नको, मध नको, पाणीसुद्धा नको. मी रोज लोकांना हेच सांगते."

बुधवारी ती कामावर गेल्यावर दीनानाथांनी वेखंड उकळत्या पाण्यातून काढलं, सहाण खाली आणली आणि फ्रीजमधलं स्नेहलने काढून ठेवलेलं थेंबभर दूध घेऊन उजव्या हाताने चार वेढे दिले. करंगळीने ते बोटभर चाटण त्यांनी स्वरदाच्या जिभेवर ठेवलं. तिने तोंड वेडंवाकडं केलं, ढेकर दिली आणि दोन तास झोपली. दीनानाथांना इतका आनंद झाला की त्यांनी खाली जाऊन वायरेमूला स्वतःच्या हाताने चहा करून दिला.

असं तीन दिवस चाललं. चौथ्या वेळी स्नेहलने लाळेरं धुवायला घेतलं आणि नाकाशी नेलं.

"बाबा, हा वास मला माहीत आहे."

दीनानाथांनी स्वरदाचं दुपटं उगाच झटकलं.

"कुठून आणलंत?"

"खालच्या खणात होतं."

"खालच्या म्हणजे? त्या भिंतीतल्या?" ती खुर्चीत बसली. "शंभर वर्षांपूर्वीचं काहीतरी तुम्ही माझ्या मुलीच्या तोंडात घातलंत? त्या काळात शेजारच्या खणांत शिसं असायचं, सोमल असायचा. तुम्हाला हे माहीत नाही?"

"तिचं रडणं थांबलं, स्नेहल."

"मला विचारायचं तरी. मी हो म्हटलं नसतं, पण विचारायचं." तिचे डोळे भरून आले. "तिला तुमच्याकडे सोडून जाते मी. तुमच्यावर विश्वास ठेवून जाते."

हे त्यांच्या जिव्हारी लागलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून पुन्हा देणार नाही असा शब्द दिला. त्याच संध्याकाळी मुळी खणात परत गेली आणि सहाण फोटोशेजारी.

४

स्वयंपाकघरात बेबी मॉनिटरचा एक डबा असायचा, दुसरा वर पाळण्यापाशी. वरचा ऐकायचा, खालचा बोलायचा. मकरंदने पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, "बाबा, हिरवा दिवा असला की सगळं ठीक. हा घराबाहेर नेलात तर लाल होतो आणि बोंबलतो. पन्नास मीटरच्या पलीकडे याला ऐकू येत नाही."

सोमवारी दुपारी बारा वाजता दीनानाथ भात लावत होते. वायरेमू जेवायला घरी गेला होता. पत्र्याच्या छपरावर पाऊस लागला होता. हिरवा दिवा हलकेच वरखाली झाला आणि डब्यातून आवाज आला.

ओल्या दगडावर काष्ठ फिरण्याचा आवाज. मिरजेत दुकानामागच्या खोलीतून हा आवाज त्यांनी, स्नेहल तान्ही असताना, वर्षभर रोज जेवताना ऐकला होता. सुरुवातीला कोरडा खरखरीत, मग गुळगुळीत, वेढा पुरा झाला की क्षणभर थांबणारा. त्यांनी नकळत मोजलं. एक, दोन, तीन, चार. मग शांत.

ते गुडघे धरत जिना चढले. स्वरदा गाढ झोपली होती. खालचा ओठ ओला होता, त्यावर मातकट ठिपका. फळीवर सहाण ओली होती आणि सहाणेशेजारी, लीलाच्या फोटोखाली, वेखंडाची मुळी.

आपणच ती खणात ठेवायला विसरलो असू, असं त्यांनी आधी धरलं. म्हातारपणी होतं असं. मुळी खाली नेऊन ठेवली, खण घट्ट लावला आणि वायरेमूला तसं दाखवलंही, साक्षीदार असावा म्हणून. बुधवारी बाराला पुन्हा चार वेढे ऐकू आले आणि मुळी पुन्हा फळीवर होती.

त्यांनी चष्मा लावून सहाणेवरची ओल पाहिली. वेढे उजवीकडून डावीकडे गेले होते.

आता हे सांगायलाच हवं की दीनानाथ देवभोळे नव्हते. दुकानात येणाऱ्या भगताबिगतांना त्यांनी कधी थारा दिला नव्हता. पण लीला डाव्या हाताने गुटी उगाळायची. त्यावरून दीनानाथांच्या आईने घर डोक्यावर घेतलं होतं, आणि लीलाने सासूचं हे एकच ऐकलं नव्हतं. नातीला बघायची तिची किती इच्छा होती. शेवटच्या आजारपणात तिने स्नेहलच्या न झालेल्या बाळासाठी सहाण बाजूला काढून ठेवली होती. दीनानाथ पाळण्याशी उभे राहिले.

"तू आहेस का?" त्यांनी विचारलं.

त्या दिवसापासून ते बाराच्या आत खाली यायचे आणि खोलीचं दार थोडं उघडं ठेवायचे. मुळी त्यांनी फोटोच्या मागे सरकवून ठेवली, स्नेहलला दिसू नये म्हणून. स्वरदाचं रडणं साफ थांबलं होतं. स्नेहल म्हणाली, "बघा, काही न देतासुद्धा थांबलं ना?" दीनानाथांनी मान हलवली.

५

दहा-बारा दिवसांनी त्यांनी तीन वेढे मोजले.

कुकरच्या शिट्टीत एक हुकला असेल, असं वाटलं. दुसऱ्या खेपेला त्यांनी गॅस बंद करून, टेबलावर डब्याशी कान लावून मोजले. तीनच होते.

त्याच आठवड्यात मकरंद म्हणाला, "ही कुशीवर वळत होती ना हो? हल्ली वळत नाही." खुळखुळा हातात दिला तर स्वरदा तो धरत नव्हती. पूर्वी दीनानाथ नाक चोळायला लागले की ती खदखदून हसायची. आता नुसती बघायची, तेही त्यांच्या खांद्यापलीकडे कुठेतरी.

"प्रत्येक बाळ आपल्या गतीने जातं," स्नेहल म्हणाली. हे ती स्वतःलाच सांगत होती, कारण त्या रात्री तिने दोनदा स्वरदाचं वजन केलं.

वजन उतरलं होतं. हॅमिल्टनला डॉक्टरांनी रक्त घेतलं, पोटाची सोनोग्राफी केली, डोळ्यांत उजेड टाकून पाहिलं. सगळं ठीक निघालं. परतीचा रस्ता तासाभराचा.

दीनानाथ मागच्या सीटवर स्वरदाच्या शेजारी बसले होते. सांगावं का, एवढाच विचार त्यांच्या मनात होता. सांगायचं तर काय? तुझी आई येते, आणि मी तिला येऊ देतो? स्नेहलने त्यांना दुसऱ्या दिवशीच्या विमानात बसवलं असतं, आणि तिचं चुकलं नसतं. शिवाय लीला नातीचं वाईट कशाला करील? ते उत्तर त्यांना पुरत होतं. पुरावं अशी त्यांची फार इच्छा होती.

पुढच्या सोमवारी डब्यातून दोन वेढे ऐकू आले.

ते वर गेले तेव्हा स्वरदा जागी होती आणि रडत नव्हती. त्यांनी तिला उचललं, आणि तिची मान मागे पडली. दोन महिन्यांपूर्वी धरलेली मान. त्यांनी घाबरून तळहात मागे लावला. मुठी घट्ट वळलेल्या होत्या, अंगठा आत. तिने अंगावर ओकलं होतं आणि धुतलेले कपडे वाळले नव्हते, म्हणून त्यांनी कपाटाच्या तळातली पिशवी काढली. लहान झालेले कपडे स्नेहलने त्यात भरून ठेवले होते, कोणाला तरी द्यायला. पहिल्या महिन्यातलं निळ्या काठाचं झबलं हाताला लागलं. ते त्यांनी तिच्या डोक्यातून घातलं, आणि ते नीट बसलं. बाह्याही पुरल्या.

दीनानाथ पलंगाच्या कडेवर बसले. लीलाचं उगाळणं त्यांना आठवलं. ती मोठ्याने मोजायची. महिना पालटला की दुकानातल्या त्यांना ऐकू जावं म्हणून आणखी मोठ्याने, "आज पाचवा लागला, पाच." काष्ठांची नावं घ्यायची, बाळाशी बोलायची, सासूच्या नावाने पुटपुटायची. तोंड मिटून गुटी देणं तिला जमलंच नसतं.

आणि वेढे कमी करत जाणं तर तिला ठाऊकच नव्हतं.

तीन आठवडे त्यांनी रोज दार उघडं ठेवलं होतं. ती लीला नव्हती.

६

बुधवारी स्नेहल कामावर गेली. तिने जायला नको म्हणून दीनानाथांनी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. आज पुन्हा दोन येतील, किंवा एक. एकाच्या खाली काय, हे त्यांना कळत होतं. साडेअकराला त्यांनी स्वरदाला मांडीवर घेतलं आणि वरच्या खोलीत दार लावून, शेकोटीसमोर खुर्ची टाकून बसले. सहाण आणि मुळी डोळ्यांसमोर. मुळी आता निम्मीच उरली होती.

दिवा लावला तरी खोलीत उजेड पुरत नव्हता. पावसाचा आवाज, खाली फ्रीजची घरघर, स्वरदाचा श्वास. बारा वाजले.

खोलीत काही हललं नाही. आवाज आला तो खालून. जिन्यातून, रिकाम्या स्वयंपाकघरातून, मॉनिटरच्या डब्यातून. दगडावर काष्ठ फिरत होतं. डबा या खोलीतलं खाली ऐकवत होता, आणि या खोलीत बसलेल्या दीनानाथांना दोन हातांवरच्या दगडातून काही ऐकू येत नव्हतं.

त्यांनी सहाणेकडे पाहिलं. कोरड्या दगडावर ओलीची एक रेघ उमटत होती. उजवीकडून वर गेली, डावीकडे वळली, खाली आली. मुळी तिच्या टोकाशी उभी होती, तिरकी, बोटांत धरतात तशी.

मांडीवर स्वरदाने तोंड उघडलं. खालचा ओठ जरा दाबला गेला, आणि ती चोखू लागली.

दीनानाथांनी हात घातला. मुळी लगेच सुटली नाही. जत्रेत लहान मूल आईचं बोट सोडत नाही, तेवढा जोर पलीकडून होता, त्याहून जास्त नाही. मग ती एकदम हातात आली. ती कोमट होती.

पुढचं त्यांनी विचार करून केलं नाही. स्वरदाला मांडीत घट्ट धरून ते जमिनीवर बसले, सहाण दोन पायांत ओढली, बाटलीतलं दूध तिच्यावर सांडलं आणि उजव्या हाताने, डावीकडून उजवीकडे, उगाळायला लागले. लीलासारखे मोठ्याने मोजत.

"वेखंड. एक. दोन." हात जड झाला होता, दगडाला चिकटल्यासारखा. "तीन. चार. शनिवारी पाचवा लागतोय, पाच."

त्यांनी करंगळीने चाटण तिच्या जिभेवर ठेवलं. स्वरदाने ते थुंकलं, अंग ताठ केलं आणि रडायला लागली. पाय पोटाशी घेऊन, लाल होऊन, पहिल्यासारखी रडली. दीनानाथही रडत होते. खालचा डबा गप्प झाला होता, आता त्यातून फक्त तिचं रडणं ऐकू येत होतं.

दार उघडलं. स्नेहल ओल्या कोटात उभी होती. तिला कामात लक्ष लागलं नव्हतं, म्हणून ती अर्ध्यात निघून आली होती.

तिने सहाण पाहिली, बापाची ओली करंगळी पाहिली. मग निम्मी झिजलेली मुळी पाहिली.

"किती दिवस चाललंय हे?"

"मी आजच दिली. आज पहिल्यांदाच, शब्द दिल्यापासून."

"बाबा." तिचा आवाज अगदी खाली होता. "निम्मी झाली आहे ती."

"मी नव्हतो," दीनानाथ म्हणाले. "स्नेहल, माझं ऐक. कोणीतरी..." आणि पुढचं वाक्य त्यांना तिच्या चेहऱ्याकडे बघत बोलता आलं नाही.

तिने स्वरदाला उचललं. आरडाओरडा केला नाही. त्यांनी तो सहन केला असता.

७

तासाभरात तिने बॅगा भरल्या. हॅमिल्टनमधल्या रोटोटुनाला तिची मैत्रीण देवयानी राहत होती, हॉस्पिटलही तिथून जवळ. मकरंद कामावरून परस्पर तिकडेच जाणार होता. "दोन दिवस मला फोन करू नका," स्नेहल म्हणाली. "नंतर तिकिटाचं बघू."

दीनानाथ खाली स्वयंपाकघरात बसून होते. वर कपाटं उघडल्याचे, पाळणा मोडून घेतल्याचे आवाज येत होते. गाडी निघाली तेव्हा त्यांना दुःख झालं, पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं. पोर या घरातून बाहेर पडली होती. जे काही होतं ते या भिंतींचं, या खणांचं. मुलीने आयुष्यभर तोंड नाही बघितलं तरी चालेल, असं ते मनात म्हणाले, आणि त्यांना ते खरंच वाटत होतं.

सकाळी मकरंदचा मेसेज आला. 'बाबा, स्वरदा आज जोरात हसली. मानही धरते आहे. स्नेहल शांत होईल, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.' त्यांनी तो चारदा वाचला. त्यांच्या जिवात जीव आला. चहा करून घेतला, दोन बिस्किटं खाल्ली. वायरेमू आल्यावर त्याला ती खणांची भिंत उखडून जाळायला सांगायची, असं ठरवलं. सहाण आणि मुळी आपण स्वतः पुलावरून नदीत टाकू. लीलाची सहाण टाकताना वाईट वाटेल, पण ती समजून घेईल.

साडेअकराला ते वर गेले.

फळीवर लीलाचा फोटो होता. त्याच्या शेजारी धुळीत एक स्वच्छ गोल दिसत होता, सहाणेएवढा. फोटोमागे त्यांनी हात घालून पाहिला, पलंगाखाली पाहिलं, खाली जाऊन खण उघडला. मग त्यांना आठवलं, निघताना स्नेहलच्या हातात एक पारदर्शक पिशवी होती, झिप लावलेली, त्यात काहीतरी जड. ती फार्मासिस्ट होती. आपल्या मुलीच्या पोटात काय गेलं ते शोधायला ती तेच करणार होती. दगड आणि मुळी तपासायला द्यायची. तोवर ती पिशवी कुठे असणार, तर बाळाच्या सामानात.

त्यांनी फोन लावला. स्नेहलने उचलला नाही. तीनदा नाही उचलला. मकरंदचा लागला नाही. तो कुठल्या तरी घराच्या माळ्यावर तारा ओढत असणार. देवयानीचा नंबर त्यांच्याकडे नव्हता. त्यांनी मेसेज लिहिला, 'ती पिशवी आत्ताच्या आत्ता घराबाहेर ठेव. स्वरदाजवळ ठेवू नकोस. पाया पडतो.' तो गेला. वाचला गेल्याची खूण आली नाही.

मॉनिटरचा वरचा डबा स्नेहल पाळण्याबरोबर घेऊन गेली होती. खालचा घाईत राहिला होता. कालपासून त्याचा लाल दिवा लागलेला होता आणि दर मिनिटाला तो बारीक बोंबलत होता. दीनानाथांना त्याची सवय झाली होती, म्हणून तो थांबल्याचं त्यांच्या लगेच लक्षात आलं नाही.

त्यांनी मान वर केली. घड्याळात बारा झाले होते. दिवा हिरवा होता.

रोटोटुना गाडीने तासाभरावर. ते टेबलाशी गेले आणि दोन्ही हातांनी डबा धरला. त्यातून श्वास ऐकू येत होता, झोपलेल्या बाळाचा. मागे कुठेतरी देवयानीच्या घरातला टीव्ही. मग ओल्या दगडावर काष्ठ टेकलं.

वेढा हळू होता, कुठेही न अडखळता. उजवीकडून डावीकडे, हे त्यांना आता ऐकूनही कळत होतं. तो पुरा झाला.

"एक," दीनानाथ म्हणाले.

आवाज थांबला. टीव्हीही ऐकू येईना. डब्यावर कान टेकून ते दुसऱ्या वेढ्याची वाट बघत उभे राहिले. "दोन," त्यांनी हळूच सुचवून पाहिलं, गिऱ्हाइकाला आठवण करून देतात तसं. बाहेर वायरेमूची गाडी येऊन उभी राहिली, त्याने दार वाजवलं, हाक मारली. दीनानाथांनी बंद दाराकडे बघत त्याला हाताने गप्प राहायची खूण केली.